शोधयंत्राची स्वसेवा आणि स्पर्धा आयोगाचा आदेश : एक चिकित्सा

वाकडमधील एखादा संगणक अभियंता पुणे–दिल्ली विमानप्रवासाचा शोध घेतो, तेव्हा शोधयंत्र केवळ वाटाड्या नसते. वाटेवर त्याचे स्वतःचे दुकानही असते. या दुहेरी भूमिकेची छाननी भारतीय स्पर्धा आयोगाच्या २०१८ च्या आदेशात आढळते. ‘मराठी मॅट्रिमनी’ चालविणारी मॅट्रिमनी डॉट कॉम आणि जयपूरची ‘कट्स’ ही ग्राहकहितवादी संस्था यांच्या तक्रारींवरून आयोगाने गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दोन सदस्यांचे मत भिन्न होते. निकालपानावर ठळकपणे मांडलेल्या विमानशोधाच्या चौकटीतील दुवा ग्राहकास गूगलच्याच पानावर नेतो, हे बहुमताने अन्याय्य ठरविले.

निदान अचूक आहे. उपाय मात्र तोकडा. सदर दुवा गूगलच्याच पानाकडे नेतो, अशी सूचना चौकटीत द्यावी, एवढ्यावर आयोग थांबला. दुकान मोक्याच्या जागीच राहिले, फक्त त्यावर मालकाच्या नावाची पाटी आली! बाजार समितीत तराजू धरणाराच स्वतःचा माल विकू लागला, तर शेतकऱ्याचे समाधान पाटीने होत नाही. याउलट युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये वस्तुखरेदी सेवेबाबत २४२ कोटी युरोंचा दंड करताना प्रतिस्पर्ध्यांना समान वागणूक देण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो निर्णय कायम राखला. भारतीय आदेशात नेमकी हीच कसोटी उपायाच्या टप्प्यावर निसटली आहे.