दहा क्रमांकाची जर्सी

३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोलंबो येथे शार्दूल ठाकूर भारतातर्फे आपला पहिला एकदिवसीय सामना खेळला. पालघरजवळच्या माहीमचा हा मुलगा बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराकडून शालेय क्रिकेट खेळला होता. कुंभवली-बोईसर भागातील शिक्षकांना कौतुक वाटावे असाच तो दिवस होता. परंतु चर्चा झाली ती त्याच्या पाठीवरच्या आकड्याची. त्याने १० क्रमांकाची जर्सी घातली होती आणि तो क्रमांक सचिन तेंडुलकरचा! जन्मतारखेतील अंकांची बेरीज २८ आणि २ व ८ मिळून १०, असा खुलासा शार्दूलने केला. (अंकज्योतिषावर आमचा विश्वास नाही, पण बेरीज बरोबर आहे.) तरीही ओरड थांबली नाही. पुढे त्याने ५४ क्रमांक घेतला आणि क्रिकेट मंडळाने १० क्रमांक अनौपचारिकपणे बाजूला ठेवल्याच्या बातम्या आल्या.

अर्जेंटिनाने २००२ च्या विश्वचषकाच्या वेळी मॅराडोनाचा १० क्रमांक असाच कायमचा मिटवायचे ठरवले होते. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने ते मान्य केले नाही. त्यामुळे पुढे तो क्रमांक मेस्सीला मिळू शकला.

जर्सीचा प्रश्न तसा किरकोळ. आम्हाला टीका करायची आहे ती आपण शाळाशाळांतून सांगत असलेल्या एका गोष्टीवर. क्रीडादिनाला, बक्षीस समारंभाला ती हमखास ऐकू येते. शिवाजी पार्कवर आचरेकर सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. सचिन बाद झाला नाही तर ते त्याचे. मुलगा दिवसभर खेळे, नाणी जिंकी आणि पुढे जगज्जेता झाला. तात्पर्य : कष्ट करा, तुम्हीही सचिन व्हाल. गोष्टीतील घटना खऱ्या आहेत. खोट आहे ती तात्पर्यात.

लंबकाच्या एकाच आंदोलनावरून कोणी निष्कर्ष काढला, तर आपण त्याला पुन्हा मोजायला लावतो. इथे मात्र एकाच मुलावरून नियम सांगितला जातो. गंमत म्हणजे तुलनेसाठी लागणारी बाकीची मुले त्याच गोष्टीत, त्याच मैदानावर उभी आहेत. आपण त्यांच्याकडे पाहत नाही, इतकेच.

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा उपांत्य सामना, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४ धावांची. शाळा एक, गुरू एक, खेळपट्टी एक आणि त्या दिवशी धावा कांबळीच्या अधिक. कांबळी १७ कसोटी सामने खेळला, सरासरी ५४.२०, दोन द्विशतके; आणि शेवटचा कसोटी सामना १९९५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी. पुढचा फलंदाज अमोल मुजुमदार. वय १३ वर्षे. तो पॅड बांधून दोन दिवस बसून राहिला. त्याला फलंदाजी मिळालीच नाही. मोठेपणी त्याने रणजी पदार्पणात २६० धावा केल्या आणि प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा जमवल्या, पण भारतातर्फे तो एकही सामना खेळला नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तोच होता. आणि त्या सामन्यात ज्याच्या गोलंदाजीवर १८२ धावा निघाल्या तो सेंट झेवियर्सचा साईराज बहुतुले? तो पुढे भारताकडून कसोटी क्रिकेट खेळला.

त्या संध्याकाळी धावफलक पाहून या चौघांचे भविष्य कोणी सांगू शकले असते का? आम्हाला तरी नाही वाटत. बहुतुलेला तर एखाद्या उत्साही निवडकर्त्याने घरीच पाठवले असते.

बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे मोजमाप इतके फसवे का असते, याचे एक साधे कारण शरीरशास्त्रात आहे. मुलग्यांची उंची सर्वाधिक वेगाने वाढते ती सरासरीने चौदाव्या वर्षाच्या आसपास. पण कोणात ही वाढ बाराव्या वर्षी येते, तर कोणात सोळाव्या. सातवीच्या वर्गात म्हणूनच मिसरूड फुटलेला मुलगा आणि त्याच्या खांद्याला लागणारा मुलगा शेजारी बसतात. चेंडू कोणाचा वेगाने जाणार हे उघड आहे. त्यात जन्ममहिन्याची भर पडते. वयोगटाची सीमा १ जानेवारी असेल तर जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरच्या मुलाहून जवळजवळ वर्षाने मोठा, तरी गट एकच. १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या शेवटच्या महिन्यांतल्यांपेक्षा खूपच जास्त निघाली. मोठ्या मुलाला संघात घेतले जाते, त्याला सराव मिळतो, सरावाने तो खरोखरच चांगला होतो, आणि आपली निवड अचूक होती असे आपल्याला वाटते!

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्युलिख, मॅकनमारा आणि हॅम्ब्रिक यांच्या अभ्यासात वेगवेगळ्या खेळांतील ६,०९६ खेळाडूंची माहिती एकत्र केली होती. त्यांपैकी ७७२ जागतिक दर्जाचे. राष्ट्रीय पातळीवर थांबलेल्यांच्या तुलनेत जागतिक दर्जाच्या खेळाडूंनी आपला मुख्य खेळ उशिरा सुरू केला होता, लहानपणी इतर खेळ अधिक खेळले होते आणि सुरुवातीची त्यांची प्रगती मंद होती. बालवयात यश मिळवणाऱ्यांचे चित्र नेमके उलट होते. नॉर्वेसारखा हिवाळी खेळांत अग्रेसर देश तेराव्या वर्षापर्यंत मुलांसाठी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाच ठेवत नाही. आपल्याकडे त्या वयात पेपरात फोटो येतो.

हा फोटो काय करतो तेही आपण पाहिले आहे. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. तेव्हा तो १५ वर्षांचा होता. प्रतिस्पर्धी संघ दोन डावांत ३१ आणि ५२ धावांत बाद झाला होता. ही माहिती बातमीत होती, पण मथळ्यात नव्हती. सचिनने सही केलेली बॅट दिली, मुंबई क्रिकेट संघटनेने महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली, आणि पुढच्या वर्षी ती बंद करावी असे त्याच्या वडिलांनीच कळवले. मुलाचा खेळ अपेक्षेप्रमाणे होत नव्हता. अपेक्षा कोणाच्या आणि कोणत्या मापाने ठरलेल्या, हे कोणी विचारले नाही.

शार्दूलची वाट यापेक्षा वेगळी होती. पालघर ते चर्चगेट सुमारे ९० किलोमीटर. विरारपुढे डहाणूपर्यंत उपनगरी गाडी आली ती २०१३ मध्ये; तोवर शटल किंवा लांब पल्ल्याच्या गाडीत किटबॅग घेऊन चढायचे. तारापूर विद्यामंदिराकडून खेळताना त्याने बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेविरुद्ध ७८ धावा केल्या आणि पाच बळी घेतले. त्या शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला आपल्या शाळेत बोलावले आणि प्रवासाची अडचण दिसताच स्वतःच्या घरी राहायला जागा दिली. नाण्याच्या गोष्टीत बसणारा प्रसंग हा नाही. कष्ट मुलाने करायचेच होते. पण त्याचे रोजचे कित्येक तास गाडीत जात होते आणि ते वाचवणे त्याच्या हातात नव्हते. सचिन १६ व्या वर्षी कसोटी खेळला. शार्दूल पहिल्या कसोटीत उतरला तेव्हा २७ वा वाढदिवस चार दिवसांवर होता, आणि दहा चेंडू टाकून जखमी होऊन त्याला बाहेर जावे लागले. दुसरी संधी जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला आली. तिथे ६७ धावा आणि सात बळी. सोळा वर्षांच्या सचिनच्या मापाने मोजले असते तर हा मुलगा दहा वर्षे आधीच नापास ठरला असता.

शिक्षकांना यात करता येण्याजोगे काम फार खर्चाचे नाही. शाळेच्या संघातील मुलांचे जन्ममहिने सातवी-आठवीच्या गणिताच्या तासाला फळ्यावर मांडावेत आणि सगळ्या वर्गाच्या जन्ममहिन्यांशी त्यांची तुलना मुलांकडूनच करून घ्यावी. एका शाळेचे आकडे लहान असतात, तेव्हा तालुक्यातील चार-पाच शाळांचे एकत्र करावेत. जून आणि जानेवारीत प्रत्येकाची उंची मोजून वहीत लिहावी, म्हणजे कोणाची वाढ व्हायची आहे ते कळेल. आणि त्याच वहीत आणखी एक रकाना ठेवावा : मैदानावर येणे कोणी थांबवले आणि कोणत्या महिन्यात.