आई दोन पावलं मागे का सरकते?

सिनेमा फोनवर पाहू नये म्हणतात. झाविए दोलानचा 'ममी' (२०१४) मी फोनवरच पाहिला, ऑफिसच्या बसमध्ये. आणि तो त्या स्क्रीनवर चपखल बसला. कारण या सिनेमाची चौकट जवळजवळ पूर्ण वेळ चौरस आहे. तिच्यात एकच चेहरा नीट मावतो. दुसरं कुणी आत आलं की पहिल्याला अंग चोरावं लागतं. क्युबेकमधल्या त्या घरात आई आणि मुलगा राहतात तेही असेच.

डायान विधवा आहे, तोंडाने फटकळ. मुलगा स्टीव्ह याला एडीएचडी आहे. ज्या संस्थेत त्याला ठेवलं होतं तिथे त्याने आग लावली, त्यात एक मुलगा भाजला. संस्थेने त्याला आईच्या हवाली केलं. एके दिवशी तो आईसाठी गळ्यातली साखळी आणतो. ती विचारते, चोरलीस का? तो भडकतो आणि तिचा गळा धरतो. ज्या हातांनी साखळी आणली, तेच हात. दोलान त्याला राक्षस करत नाही, आईला देवी करत नाही. आपल्याकडच्या 'वाया गेलेला मुलगा आणि सोशिक माउली' या साच्यातून आलेल्या प्रेक्षकाला हे फार मोकळं वाटतं.

पण तो प्रसंग मी पॉज करून बसलो. बारावीत असताना आईने माझा मोबाईल काढून घेतला म्हणून मी तिला ढकललं होतं. ती ओट्यावर आदळली, कोपर सुजलं. संध्याकाळी बाबांना तिने सांगितलं, 'बाथरूममध्ये पाय घसरला.' मी शेजारीच जेवत होतो.

म्हणून या सिनेमाबद्दल माझी एक तक्रार आहे. गळा धरल्यानंतर समोरच्या घरातली कायला येते, स्टीव्हच्या जखमेवर मलमपट्टी करते, आणि पुढे सेलीन डिऑनच्या गाण्यावर तिघं स्वयंपाकघरात नाचतात. दृश्य सुंदर आहे. पण भीती इतक्या लवकर जात नाही. माझा आवाज चढला की आई आजही दोन पावलं मागे सरकते. तिला ते कळतही नसेल. दोलान मुलाचा राग फार बारकाईने पाहतो, पण आईच्या अंगात मुरलेली भीती त्याच्या हातून निसटते. 'वंडरवॉल' वाजताना स्टीव्ह हातांनी चौकट रुंद करतो, ते दृश्य सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण ती मोकळीक त्याची आहे. आईच्या स्वप्नात चौकट दुसऱ्यांदा रुंदावते, तेव्हाही तिला दिसतं ते मुलाचंच भविष्य.

दुसरा प्रश्न कथेच्या रचनेचा. सुरुवातीलाच एक काल्पनिक कायदा सांगितला जातो, एस-१४ : हतबल पालकांना कोर्टात न जाता मुलाला सरकारी इस्पितळाच्या ताब्यात देता येतं. इथेच शेवट ठरून जातो. एक तर सोसा, नाही तर सोडून द्या. कोड लिहिणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल : इफ आणि एल्स, तिसरी वाट लिहिलेलीच नाही.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आईला तक्रार मुळात 'प्रौढ पुरुषा'विरुद्धच करता येत असे. मुंबईतल्या एका मायलेकींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली ते शब्दच काढून टाकले. सोळा-सतरा वर्षांचा मुलगाही घरातल्या हिंसाचारात सामील असू शकतो, हे निकालात स्पष्टपणे आलं. म्हणजे कागदावर माझी आईसुद्धा जाऊ शकली असती. पण ती बाबांनाच सांगू शकली नाही, तर मॅजिस्ट्रेटला काय सांगणार? बायकोला मारणाऱ्याला निदान एक नाव आहे. आईला मारणाऱ्या मुलाला आपण 'रागीट' म्हणतो. किंवा 'वयात आलाय'.

तिसरी वाट खरं तर सिनेमातच आहे, ती म्हणजे कायला. अडखळत बोलणारी, रजेवर असलेली शिक्षिका. ती रस्ता ओलांडून येते आणि कसलाही निवाडा न करता त्या घरात बसते. 'ममी'तली सर्वांत खरी गोष्ट मला हीच वाटली : त्या घराला आधी असं कुणीतरी हवं असतं ज्याच्यासमोर 'पाय घसरला' म्हणावं लागत नाही. आणि दोलान शेवटी तिलाच टोरोंटोला पाठवून देतो. स्टीव्ह आधीच इस्पितळात, आता डायान एकटी. शोकांतिका चोख जमते, पण ती जमावी म्हणून मदतीचं एकमेव दार लेखकाने स्वतः बंद केलंय.

तरीही बघा. विशेषतः ज्यांच्या घरात कधी 'पाय घसरला' होता त्यांनी.

सिनेमा संपल्यावर त्या रविवारी मी आईशी बोललो. ती म्हणाली, 'अरे, तेव्हा वयच तसं होतं तुझं,' आणि गॅस बारीक करायला वळली. वयच तसं असतं, तर आमच्या वर्गातल्या साठही जणांनी आपापल्या आईला ढकललं असतं. मी तसं म्हणालो. तिने काही उत्तर दिलं नाही. पण जरा वेळाने, पाठमोरीच, तिने विचारलं, 'तुला आठवतंय होय?'