घरामागची खोली आणि आंबेडकरी गाणे : काही प्रश्न

आंबेडकरी गीतावर आजवर जे लिहिले गेले ते बहुतांशी शब्दांवर लिहिले गेले. प्रेरणा, आशय, प्रबोधन, विद्रोह ही त्या लिखाणातली नेहमीची प्रकरणे. गाणे कोणत्या जागेत गायले जाते, कोणत्या यंत्रातून ते ऐकणाऱ्यापर्यंत पोचते आणि शेवटी कोणाच्या मालकीत जमा होते, या तीन गोष्टींकडे आपल्या समीक्षेने फारसे पाहिलेले नाही. गाणे म्हणजे छापलेली कविता असे गृहीत धरून आपण बोलत आलो. आज या तिन्ही गोष्टी एकदम बदलत आहेत. म्हणून त्यांची चर्चा आता टाळता येणार नाही.

बदल साधा आहे. माईक, संगणक आणि त्या दोघांना जोडणारी छोटी पेटी एवढ्या सामानावर आता ध्वनिमुद्रण होते. घरामागची पडवी, सरपणाची खोली, रिकामा पडलेला गोठा, मोटारसायकल लावायची पत्र्याची शेड, यांपैकी कोणतीही जागा स्टुडिओ होऊ शकते. नाशिक रोडसारख्या ठिकाणी या शक्यतेला विशेष अर्थ आहे. रेल्वे, नोटांचा व मुद्रांकांचा छापखाना, एकलहऱ्याचे वीजकेंद्र यांच्या आधाराने हे गाव वाढले. कामगाराने आयुष्यभराच्या पगारातून घर बांधले आणि मागे एक खोली काढली, हे इथले ओळखीचे चित्र आहे. याच नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. नाशिक रोडहून पुण्याकडे जाणारा रस्ता ज्या सिन्नर तालुक्यातून जातो, त्याच तालुक्यातल्या देशवंडी गावी १९२२ साली वामनदादा कर्डक जन्मले. भीमराव कर्डकांचा जलसाही याच जिल्ह्याचा. गाण्याची एवढी मोठी परंपरा असलेल्या या भागात मागच्या खोलीत माईक लागत असेल, तर ती हौसेची बाब म्हणून सोडून देता येत नाही.

गावगाड्यात आपल्या माणसाला दुसऱ्याच्या घरात प्रवेश होता तो अंगणापर्यंत, फार तर गोठ्यापर्यंत. हलगी, सनई, संबळ वाजवणाऱ्याने लग्न लावायचे ते मांडवाच्या कडेला उभे राहून. त्याचा आवाज घरात चालत होता, तो स्वतः चालत नव्हता. तेव्हा गोठ्यापडवीची जागा आपल्या इतिहासात अपमानाची जागा आहे. ती जागा आता आपल्या मालकीची आहे आणि तिथे काय वाजवायचे हे आपण ठरवणार आहोत. या फरकाचे मोल मला मान्य आहे. परंतु जागा आपली झाली म्हणजे गाणे आपोआप आपले राहते काय, हा माझा प्रश्न आहे.

२

प्रत्येक साधनाने गाण्याला आपले माप दिलेले आहे. जलसा रात्रभर चाले. भीमराव कर्डकांनी ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ या १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्या परंपरेची नोंद करून ठेवली. तमाशाचा आणि सत्यशोधक जलशाचा घाट घेऊन त्यात नवा विचार भरण्याचे काम या मंडळींनी केले. त्या रात्रीला घड्याळाचे बंधन नव्हते. श्रोता रेंगाळला तर शाहीर थांबे, पेटला तर कडवे वाढे.

पुढे ७८ फेऱ्यांची तबकडी आली आणि गाणे सुमारे तीन मिनिटांत बसवावे लागले. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. साठ मिनिटांच्या कॅसेटीत एका बाजूला तीस मिनिटे. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारखे आवाज कॅसेटीमुळे चहाच्या टपरीपासून ट्रकच्या केबिनपर्यंत पोचले. ज्या घरात पुस्तक नव्हते त्या घरात बाबासाहेबांचे चरित्र कॅसेटीने नेले. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण कॅसेटीचा व्यवहार कंपनीच्या हातात होता. गीतकाराने एकरकमी पैसे घ्यायचे, कोरसवाल्याने आणि ढोलकीवाल्याने दिवसाची बिदागी घ्यायची, आणि वेष्टनावर आपले नाव शोधायचे.

आजचे माप त्याहून कडक आहे. मोबाईलवर गाणे अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात फिरते. यातला धोका कोणी बोलून दाखवत नाही. आपल्या गीतपरंपरेत कवी आपले नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. वामनदादांनीही तेच केले. अर्ध्या मिनिटात येतो तो मुखडा. शेवटचे कडवे गळते आणि त्याबरोबर कवीचे नाव गळते. वेष्टनावर नाव छापले नाही तरी गाण्याच्या पोटात ते सुरक्षित होते. आता तेही कापले जात आहे. ज्यांच्या पूर्वजांची नावे दप्तरात टिकली नाहीत, त्यांनी या कापाकापीकडे किरकोळ गोष्ट म्हणून पाहू नये.

३

खोलीविषयी काही रोकडे बोलले पाहिजे. आपल्याकडे कलेच्या भौतिक बाजूला कमी लेखण्याची जी सवय आहे, ती आपण अभिजनांकडून उचललेली आहे.

समजा, खोली दहा फूट बाय बारा फुटांची आहे. भिंती समोरासमोर, सपाट, गिलाव्याच्या, वर पत्रा. अशा खोलीत ध्वनी दोन भिंतींमध्ये मागेपुढे आदळतो आणि काही ठरावीक स्वर अवाजवी फुगतात. बारा फुटांच्या अंतराला सुमारे ४७ हर्ट्झ आणि दहा फुटांच्या अंतराला सुमारे ५६ हर्ट्झ हे ते स्वर; मग त्यांच्या पटी ९४, ११२ अशा. ढोलकीच्या डाव्या अंगाचा घुमारा याच टप्प्याच्या आसपास बोलतो. म्हणून लहान खोलीत मुद्रित केलेली ढोलकी कधी पिंपासारखी वाजते, तर कधी नुसती टणटणते. लांबी, रुंदी आणि उंची सारखीच असेल तर दोष तिप्पट होतो. हलगी तर मैदानासाठी घडलेले वाद्य. तिला दहा फुटांत कोंडली की तिचा धाकच ऐकू येत नाही, नुसता गोंगाट उरतो.

यावर लोक भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवतात. त्याने बाहेरचा आवाज अडत नाही. आवाज अडवणे आणि आवाज शोषणे ही दोन वेगळी कामे आहेत. अडवण्यासाठी वजन लागते. भिंतीचे वजन दुप्पट केले तर आवाज साधारण ५ ते ६ डेसिबलने उतरतो. शिवाय दाराखालची फट आणि खिडकीची भेग बुजवावी लागते, कारण जिथून वारा येतो तिथून आवाज येतो. शोषण्यासाठी जाडी लागते. चार इंच जाडीची दगडी लोकर लाकडी चौकटीत भरून, वर कापड ताणून, ती कोपऱ्यांत आणि भिंतींवर लावली की घुमारा आटोक्यात येतो. घरातली जुनी गोधडी वरचे तीक्ष्ण स्वर चांगले पिते. खालच्या घुमाऱ्यापुढे मात्र तिचे काही चालत नाही. पत्र्यावर पावसाळ्यात काम होणार नाही. त्याखाली वजनदार दुसरे छत घालावे लागेल आणि गाताना पंखा बंद ठेवावा लागेल.

एवढे करूनही रेल्वेचा आवाज येईल. लांब मालगाडीचा खर्ज जमिनीतून चढतो आणि हलक्या भिंतीला तो जुमानत नाही. शांतता ही या देशात विकत घ्यावी लागते. ज्यांचे बंगले रुळापासून दूर आहेत त्यांना ती जन्मतःच मिळते. वस्तीला ती वीट आणि सिमेंट देऊन आणावी लागते. स्वच्छ ध्वनिमुद्रणाचा जो निकष आज सर्वमान्य आहे, त्याच्या पोटात हा वर्गभेद दडलेला आहे. वस्तीतल्या मुद्रणात मागून कुकरची शिट्टी ऐकू आली म्हणून ते गाणे कमी प्रतीचे ठरवायचे काय? मला तसे वाटत नाही. पण शब्द कळत नसेल तर मात्र ते मुद्रण वाईटच म्हटले पाहिजे. आंबेडकरी गाण्यात शब्द हा प्राण आहे.

४

आता गाण्याकडे वळू. गायनपार्टीत गायक एकटा नसतो. मागे झीलकरी असतात, ते ओळ उचलतात, तिला धार लावतात. ढोलकीवाला गायकाच्या श्वासावर डोळा ठेवून असतो आणि कडव्याच्या शेवटी लय चढवतो. समोर बसलेला समुदाय ‘जयभीम’ची आरोळी देऊन गाणे वरच्या पट्टीत नेतो. शाहिराचा गळा या समुदायासाठी तयार झालेला आहे. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यापर्यंत शब्द पोचला पाहिजे, हे त्याचे शास्त्र.

मागच्या खोलीत हा समुदाय नाही. माईक तोंडापासून वीतभर अंतरावर. कानावर हेडफोन, त्यात यंत्राची टकटक. आधी ठेका भरायचा, मग पेटी, मग आवाज, मग आठ दिवसांनी कोरस. गायकाला झील ऐकू येत नाही आणि झीलकऱ्याला गायक दिसत नाही. लय यंत्राने ठरवलेली असल्यामुळे कडव्याच्या शेवटी ती चढत नाही. वर सुरात नसलेला स्वर ओढून सुरात बसवणारे तंत्र हाताशी आहेच. त्यातून जे निघते ते गुळगुळीत असते. मैदानातल्या गळ्याची जी खरखर असते ती पुसली जाते, आणि त्या खरखरीत जे आयुष्य असते तेही पुसले जाते.

यावर आक्षेप येईल की, आमच्या शाहिरांनी सिनेमाच्या चाली उसन्या घेतल्या तेव्हा तुम्ही त्यांचे समर्थन केले. मग तयार ठेका उसना घेतला तर बिघडले कुठे? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, चाल उसनी घेण्यामागे एक व्यूह होता. चाल सर्वांच्या ओठावर होती. तिच्यात नवे शब्द घातले की विचार एका रात्रीत पाठ होत असे. वामनदादांनी १९४३ साली पहिले गाणे रचले तेही विडंबनाच्या वाटेने. तिथे उसनवारीने गाणे समुदायाच्या जवळ आले. तयार ठेक्याने तसे काही घडत नाही. तो श्रोत्याला ओळखीचा म्हणून घेतलेला नसतो. ढोलकीवाल्याला बोलावण्याचा खर्च वाचतो म्हणून घेतलेला असतो. आपल्या मालकीच्या खोलीतून आपणच आपल्या वादकाला बाहेर काढणार असू, तर कंपनीत आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

५

या बाबतीत काळ्या अमेरिकेचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे. डेट्रॉइट शहरात बेरी गॉर्डी याने १९५९ साली कुटुंबाकडून ८०० डॉलर कर्ज घेऊन सुरुवात केली. त्याच वर्षी एक साधे घर विकत घेतले आणि त्याच्या मागच्या भागात छायाचित्रकाराची जी जागा होती तिचा स्टुडिओ केला. हेच मोटाऊन. वादक त्या लहान जागेत दाटीने बसून एकत्र वाजवत. त्यातून निघालेले संगीत जगाने ऐकले. जमैकात ली पेरी याने १९७३ साली किंग्स्टनमध्ये आपल्या घराच्या अंगणात स्टुडिओ बांधला आणि चार पट्ट्यांच्या साध्या यंत्रावर नवा ध्वनी घडवला. सामान थोडे आणि जागा लहान असल्याने काही अडत नाही, हे या दोघांनी सिद्ध केले.

पण मोटाऊनची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मालक काळा होता, घर आपले होते. तरी त्या गाण्यांचा कणा असलेल्या वादकांची नावे तबकड्यांवर नव्हती. ती प्रथम आली १९७१ साली, मार्विन गेच्या एका तबकडीवर. १९७२ साली कंपनीने आपले ठाणे लॉस एंजेलिसला हलवले आणि वादक मागे राहिले. १९८८ साली ती ६.१ कोटी डॉलरना विकली गेली. म्हणजे जातीचा वा वंशाचा माणूस मालक झाल्याने श्रमाचे नाते बदलत नाही. ते नाते जाणीवपूर्वक बदलावे लागते. बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते, एक नव्हे, याचे स्मरण येथे ठेवावे.

६

तेव्हा ज्यांनी मागची खोली तयार केली आहे किंवा करू पाहत आहेत त्यांच्यापुढे तीन मागण्या ठेवतो.

पहिली : एकत्र बसून मुद्रण करा. खोलीत पाच माणसे बसत असतील तर पाच बसवा. एकाच्या माईकमध्ये दुसऱ्याचा आवाज गेला तर जाऊ द्या. ढोलकी हाताने वाजू द्या आणि शेवटचे कडवे कापू नका.

दुसरी : हक्काची नोंद करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीपर्यंत गायक-वादकांना कलावंत म्हणून वेगळा हक्क नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला समान वाटा असा बांधला की तो वारसाखेरीज किंवा कॉपीराइट संस्थेखेरीज कोणाला लिहून देता येत नाही. गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. वामनदादा २००४ साली गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. त्यांची गाणी विनापरवाना भरून वर आपले नाव लावणारा माणूस जयभीम म्हणतो, एवढ्याने तो सुटत नाही. प्रत्येक मुद्रणावर गीतकार, चाल देणारा, ढोलकीवाला, पेटीवाला, झीलकरी, सर्वांची नावे हवीत.

तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. या खोल्यांनी नवी गाणी विकण्याआधी जुनी गाणी वाचवावीत. वामनदादा मोठेपणी अक्षरे शिकले. त्यांची कितीतरी रचना तोंडोतोंडीच फिरली. गी पोएतवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्या कामात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी १९९६ साली गायलेल्या बाबासाहेबांच्या ओव्या ध्वनिफितीवर आल्या. त्या मुद्रणाला कोणताही स्टुडिओ नव्हता. आज तर आपल्याकडे खोली आहे, माईक आहे, विजेची सोय आहे. देवळाली गाव, जेल रोड, सिन्नर फाटा या पट्ट्यात गायनपार्टीत झील धरलेली, सत्तरी ओलांडलेली माणसे असतील. आईकडून भीमाची ओवी शिकलेल्या आज्या असतील. त्यांना खुर्ची द्यावी, पाणी द्यावे, पंखा बंद करावा आणि त्या म्हणतील तेवढे मुद्रित करावे. ते काम आज झाले नाही तर पुढे होणार नाही, कारण गाणारा गळा कोणासाठी थांबत नाही.