‘महोदय’ आणि श्रोता : नोकरी शोधणाऱ्याच्या विनोदाविषयी

मराठी विनोदाची समीक्षा ज्या नायकांभोवती उभी राहिली, ते बहुतेक नोकरीत असलेले नायक आहेत. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव कारकून आहे. त्याची फजिती घर आणि कचेरी यांच्या दरम्यान घडते. महिनाअखेरची चणचण त्याच्या विनोदाला विषय पुरवते, आणि पहिल्या तारखेची खात्री त्याला बैठक पुरवते. ही बैठकच काढून घेतली तर विनोदाचे काय होते, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला गेलेला नाही. नोकरी शोधणाऱ्याच्या वाट्याला मराठी साहित्याने कारुण्य दिले, संताप दिला. त्याच्या हसण्याकडे मात्र स्वभावाचा एक गुण म्हणून पाहिले. ‘परिस्थिती वाईट, पण माणूस आनंदी’ असे म्हटले की समीक्षेचे काम संपले. वस्तुतः तेथेच ते सुरू व्हावयास हवे.

या प्रश्नाला पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्याइतकी योग्य भूमी महाराष्ट्रात दुसरी क्वचितच असेल. 1954 मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि पुढे मोटारी, दुचाकी व त्यांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांची रांग भोसरी, आकुर्डी, चिखलीपासून चाकण-तळेगावपर्यंत गेली. या रांगेने गावे बदलली तशी भाषाही घडवली. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षभराच्या सलग सेवेची मोजणी 240 दिवसांवर होती, आणि महाराष्ट्रातील आदर्श स्थायी आदेशांनुसार तेवढे दिवस भरले की हंगामी कामगाराला कायम होण्याचा हक्क प्राप्त होत असे. साहजिकच सात महिने झाले की नाव कमी करावयाचे, अशी रीत अनेक ठिकाणी पडली. नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. पण त्या जुन्या आकड्याने घडवलेली बोली उरली आहे. तिच्यात नोकरी ‘जात’ नाही, ‘ब्रेक’ मिळतो. जेथे दिवसभर हात वाहनांचे भाग जोडत असतात, तेथे त्याच हातांच्या थांबण्यालाही ब्रेक हाच शब्द असावा, हा श्लेष कोणी जाणीवपूर्वक केलेला नाही. तो भाषेनेच करून ठेवला आहे. ‘परमनंट’ हे विशेषण तर येथे कामाला न लागता माणसालाच लागते. मुलगा परमनंट आहे का, हा प्रश्न सोयरीक जुळविताना विचारला जातो. देहू आणि आळंदी ज्या पट्ट्याच्या कुशीत आहेत, तेथे माणसाच्या नित्य-अनित्यतेचा हा नवा निकष निघावा, यावर स्वतंत्र भाष्याची आवश्यकता नाही.

बर्गसाँने 1900 साली मांडलेला सिद्धान्त सर्वश्रुत आहे : सजीवावर यांत्रिकतेचे कवच चढलेले दिसले की आपण हसतो, आणि हे हसणे समाजाने यांत्रिक झालेल्यास दिलेली शिक्षा असते. कारखान्याच्या आत हा सिद्धान्त ठीक चालेल. गेटबाहेर मात्र तो उलटतो. तेथे उभ्या असलेल्या तरुणाची आकांक्षाच यंत्राचा भाग होण्याची असते, आणि विसंगती निर्माण होते ती यंत्र त्याला आत घेत नाही म्हणून. आयटीआयचे प्रमाणपत्र, दोन फोटो आणि आधार कार्डाच्या प्रती घेऊन कंत्राटदाराच्या कार्यालयासमोर थांबलेल्याला यांत्रिकतेबद्दल हसणे हा परवडणारा विनोद नव्हे. पण बर्गसाँच्या त्याच विवेचनात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती येथे अधिक उपयोगी पडते : हास्याला प्रतिध्वनी लागतो, ते नेहमी एखाद्या गटाचे असते.

याउलट फ्रॉइडने 1927 च्या आपल्या निबंधात विनोदवृत्तीची क्रिया एकट्या माणसाच्या ठायीही पूर्ण होऊ शकते, असे मानले. मनातील पालकरूप अंश भेदरलेल्या ‘मी’ला धीर देतो, आणि संकट किरकोळ ठरते. नोकरी शोधणाऱ्यांना ‘उमेद सोडू नका, हसत राहा’ असे जे सांगितले जाते, त्यामागे नकळत हेच गृहीत असते : उमेद ही आतली शिल्लक आहे, काटकसरीने वापरली तर पुरेल. हे गृहीत तपासण्यासाठी नोकरीच्या अर्जाकडे एक संहिता म्हणून पाहावे. अर्जाची सुरुवात ‘महोदय’ने होते आणि शेवट ‘आपला विश्वासू’ने. मधल्या मजकुरात ‘मी’ पुष्कळदा येतो. परंतु त्या ‘मी’ला शंका नाही, कंटाळा नाही, आणि विनोद तर निषिद्धच आहे. हा ‘महोदय’ कोण आहे हे लिहिणाऱ्यास ठाऊक नसते, आणि बहुधा तो उत्तरही देत नाही. नकार आला तर निदान संवाद झाला असे म्हणता येईल. येथे तेही नाही. बेरोजगाराची उमेद खचते ती केवळ पैशाअभावी नव्हे. संबोधन करावे आणि प्रतिसाद नसावा, या भाषिक अवस्थेनेही ती खचते. त्याच्या विनोदाचा अर्थ या अवस्थेच्या संदर्भात लावला पाहिजे.

मराठीतील तीन कृती या दृष्टीने शेजारी ठेवण्याजोग्या आहेत. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘बिढार’ (1975), ‘जरीला’ (1977), ‘झूल’ (1979) या कादंबऱ्यांतून चांगदेव गावोगावी प्राध्यापकी करीत फिरतो. त्याचे बिढार हलत राहते, आणि संस्थाचालक, सहकारी, जातींचे हिशेब यांवरचा त्याचा उपरोधही हलत राहतो. हा उपरोध तगतो, कारण त्याला सर्वत्र कोणी ना कोणी ऐकणारा भेटतो. शिक्षकांच्या खोल्या, खानावळी, मित्रांची बिऱ्हाडे हे त्याचे श्रोतृवृंद आहेत. शिवाय हाती पदवी आहे, पुढचे गाव आहे. चांगदेवाच्या अस्थिरतेवर समीक्षकांनी अस्तित्ववादाची भरपूर चर्चा केली. ती अस्थिरता एका हंगामी नोकरदाराची आहे ही साधी बाब त्या चर्चेत मागे पडली.

सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ (2002) मधील एकनाथापाशीही पदवी आहे, शिक्षकाच्या नोकरीसाठी द्यावयाचा पैसा मात्र नाही. या कादंबरीच्या गंभीरतेचे कौतुक झाले आणि 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कारही तिला लाभला. तिच्यातील विनोदाची क्षीणता मात्र दोष म्हणून नव्हे, लक्षण म्हणून वाचली पाहिजे. बोली जिवंत आहे, म्हणी आहेत, टोमणे आहेत. पण एकनाथाला श्रोता उरलेला नाही. घरातले प्रत्येक माणूस त्याच्या नोकरीवर काही ना काही बांधून बसलेले आहे, आणि ज्याचे आपल्यावर काही देणे नाही अशा माणसापुढेच स्वतःची थट्टा करता येते. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (1997) या नाटकात हेच सूत्र बंद खोलीत आणले आहे. 1982 च्या संपानंतरच्या गिरणगावातील त्या घरात बोलणे भरपूर आहे, हशाही आहे. तथापि प्रत्येक थट्टा समोरच्याच्या रिकामेपणावर जाऊन आदळते आणि टोमणा होते. प्रेक्षक हसतो आणि लगेच ओशाळतो. पवारांची खरी कमाई या ओशाळण्यात आहे.

येथे ‘नाट्यशास्त्रा’तील भेद आठवतो. स्वतः हसणे ते आत्मस्थ, दुसऱ्यास हसविणे ते परस्थ. भरताने हास्याच्या सहा छटा माणसांच्या प्रतीनुसार वाटून दिल्या : स्मित आणि हसित उत्तमांना, अपहसित आणि अतिहसित अधमांना. नोकरीच्या मुलाखतीस गेलेला उमेदवार उत्तमाचे स्मित चेहऱ्यावर बाळगतो, आणि संध्याकाळी खोलीवर परतून मित्रांना त्याच मुलाखतीची नक्कल करून दाखविताना अतिहसितापर्यंत पोहोचतो. ही वाटणी प्रकृतीनुसार नसून श्रोत्यानुसार आहे, एवढे तरी या उदाहरणावरून म्हणता येते. मुलाखत घेणाऱ्याचा अनुत्तरित ‘महोदय’ त्या नकलेत पात्र होतो, त्याला आवाज मिळतो, आणि तो एकदाचे उत्तर देतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ज लिहिता येतो तो यामुळे.

चाकणकडे जाताना जी देहू लागते, तेथील तुकारामाचे उदाहरण या संदर्भात टाळता येत नाही. सतराव्या शतकातील दुष्काळात त्याचा व्यापार बुडाला, आणि आपले दिवाळे निघाल्याबद्दल त्याने देवाचे आभार मानले. या वक्रोक्तीला अध्यात्म म्हणून वाचण्याची परंपरा मोठी आहे आणि ती चुकीची नाही. पण तुकारामाचा विठ्ठल हा असा श्रोता आहे की ज्याच्याशी भांडता येते, ज्याला कर्जदार ठरविता येते. धंदा गेला तरी संबोधन शाबूत राहिले. पट्ट्यातील तरुणाचा व्यवहार ज्या श्रोत्याशी आहे, त्याला खिजवता येत नाही. म्हणून तो आपला श्रोता अन्यत्र शोधतो.

तो कोठे सापडतो, हे मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेल्यांच्या खोल्यांवरून कळते. ‘कॉट बेसिस’वर घेतलेल्या या खोल्यांत एकाला ब्रेक मिळालेला असतो, दुसऱ्याचा सातवा महिना चालू असतो, तिसरा अजून अर्जच करीत असतो. कोणीही कोणाच्या पगारावर अवलंबून नाही, आणि प्रत्येकाची पाळी येणार हे सर्वांना ठाऊक आहे. ‘बारोमास’च्या घरात आणि ‘अधांतर’च्या खोलीत जे घडू शकत नाही, ते येथे घडते. तळेगावातील जनरल मोटर्सचे उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबले, तेव्हा ‘परमनंट’ हे विशेषणही या बोलीत संशयास्पद झाले. एरवी ज्यांची थट्टा करावयाची तेच थट्टेत सामील होण्याच्या पंक्तीस आले.

मराठीतील कामगार साहित्याला या खोल्या फारशा दिसलेल्या नाहीत. त्याचा नायक गिरणीतला, चाळीतला, मोर्च्यातला. त्याच्या बाजूला युनियन होती आणि समोर मालक होता. नारायण सुर्वे यांच्या कवितेतील ‘मी’ ज्या ठामपणे बोलतो, तो ठामपणा हातात काम असल्याचा आहे. कामाच्या दोन मुदतींमध्ये उभा असलेला ‘मी’ त्या ठामपणाने बोलू शकत नाही, आणि चिमणरावाच्या निश्चिंतीनेही नाही. 2016 च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरी-चिंचवडला भरले. मांडवापासून काही अंतरावर, ज्यांची पाळी रात्री दहाला सुटते किंवा सुटून महिना झाला आहे, अशांच्या खोल्यांत मराठी गद्याचा एक प्रकार रोज रचला जात होता : नकलेचा, अर्जाच्या विडंबनाचा, मुकादमाच्या आवाजाचा. तो लिहिला गेलेला नाही, कारण त्याचा रचणारा सात महिन्यांनी खोली बदलतो आणि त्याचे श्रोतेही.