जिओडेसिक घुमट आणि घराचे माप

बकमिन्स्टर फुलर (१८९५–१९८३) यांच्या जिओडेसिक घुमटाविषयी स्तुती आणि निंदा दोन्ही विपुल झाली आहे. मात्र दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. ती ही की, सभागृहांवर यशस्वी ठरलेली ही रचना घराच्या बाबतीत अपुरी पडली याचे कारण बांधणीतील उणिवांत शोधावे. हे गृहीत तपासून पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

गोलपृष्ठावरील दोन बिंदूंना जोडणाऱ्या अल्पतम मार्गास जिओडेसिक म्हणतात. वीस त्रिकोणी पृष्ठांच्या विंशतिफलकाचे प्रत्येक पृष्ठ लहान त्रिकोणांत विभागून ते गोलावर प्रक्षेपित केले की घुमटाचे जाळे सिद्ध होते. त्रिकोणाच्या बाजू ठरल्या की त्याचा आकार ठरतो. त्यामुळे जाळे वाकडे होत नाही आणि भार सर्वत्र विभागला जातो. (या पद्धतीचा घुमट वाल्टर बाउअर्सफेल्ड यांनी येना येथील झाइस कारखान्यात, फुलर यांना १९५४ मध्ये मिळालेल्या पेटंटाच्या सुमारे तीस वर्षे आधी उभारला होता. अग्रक्रमाचा तो वाद येथे अप्रस्तुत आहे.) या रचनेचे सामर्थ्य डिअरबॉर्न येथील फोर्ड रोटुंडावर १९५३ मध्ये प्रत्ययास आले. तेथील ९३ फूट व्यासाच्या मोकळ्या चौकावर नेहमीचे छत घातले असते तर त्याचे वजन सुमारे १६० टन भरले असते, आणि ते पेलण्याची शक्ती त्या इमारतीत नव्हती. फुलर यांचा घुमट अवघ्या साडेआठ टनांचा होता.

हाच युक्तिवाद पुढे घरासाठी केला गेला. स्वतः फुलर १९६० पासून १९७१ पर्यंत इलिनॉय राज्यातील कार्बनडेल येथे ३९ फूट व्यासाच्या घुमटात सपत्नीक राहिले. प्लायवुडचे साठ त्रिकोण जोडून तो सुमारे सात तासांत उभा राहिला होता. साठ त्रिकोण म्हणजे एकशे ऐंशी कडा. तळाच्या कडा वगळल्या तर दर दोन कडांमागे एक सांधा. उतरत्या छपरात वरचे कौल खालच्या कौलावर येते व पाणी आपल्या वाटेने जाते. घुमटाचे सांधे सर्व दिशांना धावतात आणि माथ्याजवळ जवळजवळ सपाट असतात. या घुमटावरही पुढे डांबरी शिंगल्सचे आवरण चढवावे लागले.

टीकाकारांनी बोट ठेवले ते येथेच. लॉइड कान यांनी कॅलिफोर्नियात विद्यार्थ्यांसह घुमट बांधले, ‘डोमबुक २’ (१९७१) हे मार्गदर्शक पुस्तक काढले, आणि नंतर आपणहून त्याचे पुनर्मुद्रण थांबवून ‘शेल्टर’ (१९७३) प्रसिद्ध केले. स्वतःच्या खपणाऱ्या पुस्तकाबाबत असे धैर्य क्वचितच आढळते. गळती, चौकोनी साहित्य त्रिकोणांत कापताना होणारी नासाडी, आत भिंती घालण्यातील अडचण हे त्यांचे आक्षेप होत. स्ट्यूअर्ट ब्रँड यांनी ‘हाऊ बिल्डिंग्ज लर्न’ (१९९४) या ग्रंथात गळतीचा मुद्दा अधिक ठळक केला. घुमट वाढवता येत नाही हेही त्यांनी नोंदवले आहे.

आमच्या मते गळतीला मिळालेले महत्त्व अवाजवी आहे. गळती हा उपाय असलेला दोष आहे. मूळ प्रश्न मापाचा आहे, आणि तो थोड्या गणिताने स्पष्ट होतो. सहा मीटर त्रिज्येचा अर्धगोल घ्यावा. त्याची जमीन ११३ चौरस मीटर, बाह्य पृष्ठ २२६ चौरस मीटर. तेवढ्याच जमिनीचे, तीन मीटर उंचीचे, सपाट छताचे चौरस घर घेतले तर भिंती व छत मिळून सुमारे २४१ चौरस मीटर होतात. म्हणजे आवरणात बचत होते ती जेमतेम सहा टक्के! घनफळ मात्र घरात ३३९ आणि घुमटात ४५२ घनमीटर. कमीत कमी पृष्ठात जास्तीत जास्त घनफळ सामावणे हा गोलाचा गुण खराच. पण कुटुंब घनफळावर राहत नाही, ते जमिनीवर राहते. वाढीव घनफळ म्हणजे थंड प्रदेशात तापवावी लागणारी जास्तीची हवा.

त्या हवेचा उपयोग माळा घालून करावा असे सुचविले जाते. तीन मीटरवर माळा घातला तर त्याचे क्षेत्र ८५ चौरस मीटर भरते, पण १.८ मीटर उंचीचा मनुष्य ताठ उभा राहू शकेल अशी जागा त्यांपैकी फक्त ४१ चौरस मीटर. शिवाय सरळ भिंत वक्र छताला भिडवताना प्रत्येक ठिकाणी निराळा काप घ्यावा लागतो. भिंत टाळली तर एका कोपऱ्यातले बोलणे (कोपरा हा शब्दही येथे उसनाच!) दुसरीकडे ऐकू जाते. विजापूरच्या गोल घुमटात ज्याचे कौतुक वाटते ते निजायच्या खोलीत नकोसे होते. घरात खोली वाढवणे, खिडकी हलवणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. घुमटाला मात्र बाजूस खोली जोडायची तर जाळे कापावे लागते, आणि ज्या अखंडतेवर त्याचे बळ आहे तीच भंगते.

यावरून घुमट आणि वस्ती यांचा संबंधच नाही असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. दक्षिण ध्रुवावरील अमेरिकी केंद्रावर १९७५ मध्ये सुमारे ५० मीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा घुमट पूर्ण झाला. तो स्वतः तापवलेला नव्हता; राहण्याच्या व कामाच्या खोल्या त्याच्या आत उभारलेल्या स्वतंत्र, चौकोनी इमारतींत होत्या. वारा व हिम अडवण्याचे काम घुमटाने केले आणि घराचे काम घरांनी. नॉर्वेतील सांडहॉर्नॉय बेटावर एका कुटुंबाने मातीचे घर बांधून त्यावर काचेचा जिओडेसिक घुमट घातला (२०१३), तीही हीच विभागणी. ध्रुवावरचा घुमट साचत्या हिमात गाडला जाऊ लागल्यावर २००९-१० मध्ये उतरवण्यात आला. त्याच्या जागी आलेली इमारत खांबांवर उचललेली आहे, आणि तिच्यातील खोल्यांना सरळ भिंती आहेत.