बंद ड्रायव्हर आणि रजिस्टरांची साक्ष

पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते. आज आपण एका ड्रायव्हरची करू. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपसाठी लिनक्समध्ये आलेला बीसीएम४३एक्सएक्स आणि त्याच्या मागून आलेला बी४३. कंपनीने चिपची कागदपत्रं दिली नव्हती. तरी जून २००६ मध्ये, लिनक्स २.६.१७ सोबत, पहिला ड्रायव्हर दाखल झाला. सुरुवातीला लोकांनी राउटरमधला बंद ड्रायव्हर उकलून वाचला, पुढे ८०२.११एन च्या चिप्स आल्या तेव्हा रजिस्टरांच्या ट्रेसचाही आधार घेतला. या ट्रेसचं फार कौतुक होतं. आमच्या मते ते थोडं चुकीच्या जागी होतं.

आधी तो घेतात कसा, ते बघू. ड्रायव्हर चिपशी बोलतो ते मेमरीतल्या ठरावीक पत्त्यांवर लिहून-वाचून. लिनक्स २.६.२७ पासून कर्नलमध्ये एमएमआयओट्रेस नावाचं साधन आहे. ते काय करतं, तर त्या पत्त्यांची पानं 'हजर नाहीत' अशी खूण करून ठेवतं. बंद ड्रायव्हर तिथे हात लावायला गेला की पेज फॉल्ट होतो. मग साधन पत्ता, किंमत, वाचलं की लिहिलं, एवढं टिपून घेतं. पान क्षणभर उघडतं, ती एकच सूचना चालू देतं आणि पान परत बंद. ड्रायव्हरला काही पत्ताच लागत नाही.

हातात येतात ओळींचे ढीग. त्यात या चिपची खोड अशी की रेडिओजवळच्या पीएचवाय भागाची रजिस्टरं थेट सापडत नाहीत. हेक्सा ३एफसी वर रजिस्टरचा क्रमांक लिहायचा, मग ३एफई वर किंमत. हे माहीत नसेल तर ट्रेस म्हणजे त्याच दोन पत्त्यांची जपमाळ.

पण खरी अडचण पुढे आहे. समजा नोंद अशी: ०४१० वाचलं, ०४१४ लिहिलं. ड्रायव्हरने एकच बिट लावला? की शेवटचा अंक पुसून तिथे ४ भरला? की आधीचं काही असो, सरळ ०४१४ लिहायचं होतं? नोंद तिन्ही वेळा तीच, आणि आपल्या कार्डावर तिन्ही अर्थ चालतात. दुसऱ्याच्या कार्डात तिथे ०६१३ निघालं की उत्तरं होतात ०६१७, ०६१४ आणि ०४१४. कॅलिब्रेशनचं तर विचारूच नका. तिथे लूप किती फेऱ्यांनी थांबला ते दिसतं, का थांबला ते नाही. शिवाय ट्रेस घेताना सगळंच मंदावतं, त्यामुळे ड्रायव्हर मुद्दाम किती थांबला होता, तेही नीट कळत नाही.

म्हणून आम्ही श्रेय देतो ते मधल्या कामाला. एका गटाने बंद ड्रायव्हर वाचून साध्या इंग्रजीत वर्णन लिहायचं, दुसऱ्याने फक्त त्या वर्णनावरून कोड. हेतू कॉपीराइटचा होता, पण वर्णन लिहायचं म्हटलं की गोष्टीला नाव द्यावं लागतं, अर्थ लावावा लागतो. जिथे तो लागला नाही तिथे 'या जागी हा आकडा लिहा' एवढंच उरलं. बी४३ च्या एन-पीएचवाय भागात असे निनावी आकडे भरपूर आहेत. चालतं, मान्य, पण बिघडलं तर दुरुस्त करणाऱ्याने धरायचं काय?

२०१० मध्ये कंपनीने स्वतःच खुला ड्रायव्हर दिला, पण काही नव्या चिप्सपुरता. जुन्यांसाठी बी४३ च राहिला, आणि त्याला लागणारं फर्मवेअर कंपनीच्याच ड्रायव्हरमधून कापून घ्यावं लागे. नेट नाही म्हणून फर्मवेअर नाही, फर्मवेअर नाही म्हणून नेट नाही, हा खेळ अनेकांनी अनुभवलाय. तिथे ट्रेसही तोकडा पडतो, कारण फर्मवेअर चिपच्या आतल्या प्रोसेसरवर चालतं आणि ट्रेसला दिसते फक्त आपल्या बाजूची बोलणी. इटलीतल्या ब्रेशिया विद्यापीठातल्या मंडळींनी काही चिप्ससाठी खुलं फर्मवेअर लिहिलं. ते वापरायचं तर ड्रायव्हर क्यूओएस बंद करून चालवावा लागे.