छंद जोपासतात, नाद लागतो

मागच्या खेपेला आपण कामाच्या शब्दांबद्दल बोललो होतो. आज रिकामपणाच्या शब्दांबद्दल बोलू.

‘माझा आवडता छंद’ हा निबंध आपण सगळ्यांनीच लिहिलाय. आम्ही तो तिकिटं जमवण्यावर लिहिला होता, आणि तेव्हा आमच्याकडे तिकिटं होती सात. वर्गात एक मुलगा होता, त्याच्या घरी तीस-चाळीस कबुतरं. प्रत्येकाची जात, उडण्याची तऱ्हा, कोण किती वेळ हवेत राहतं, सगळं त्याला तोंडपाठ. त्यानं निबंध लिहिला वाचनावर! कारण कबुतरांना घरी ‘नाद’ म्हणत, आणि नादावर निबंध लिहीत नाहीत हे त्याला न सांगता कळलं होतं.

आता या शब्दांना लागणारी क्रियापदं बघा, खरी गोम तिथं आहे. छंद आपण जोपासतो. नाद लागतो. व्यसन जडतं. खूळ डोक्यात शिरतं. छंद जोपासणारा आपल्या वेळेचा मालक असतो, रोपाला पाणी घालावं तसा बेतानं वेळ घालतो. नाद लागलेल्याला कशानं तरी धरलेलं असतं. आणि हौस? ती बहुधा दुसऱ्यानं पुरवायची. नवऱ्यानं बायकोची, सासरच्यांनी सुनेची, आईबापांनी लेकीची. बाईनं स्वतःची हौस स्वतः भागवली की आवाजाची पट्टी लगेच बदलते: ‘हौशी आहे हो फार!’

छंद हा शब्द काही पहिल्यापासून असा इस्त्री केलेला नव्हता. हरिनामाचा छंद लागतो, तो कोणी जोपासत नाही. संस्कृतात छंद म्हणजे इच्छा, मर्जी. स्वच्छंद त्यातूनच आला. छांदिष्ट म्हणताना ती जुनी धग अजून जाणवते. मग निबंधाच्या पुस्तकांनी आणि परिचयपत्रातल्या रकान्यांनी त्याला वळण लावलं. पुण्यात दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्री अशा घरगुती वस्तू जमवल्या, आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं संग्रहालय उभं केलं. त्याला ‘छंद जोपासला’ म्हणणं फारच बेतशीर वाटतं. सभ्य माणसाच्या नादाला आपण छंद म्हणतो, एवढंच.

कोल्हापूरकरांनी मात्र गंमत केली. नाद आणि खुळा, दोन्ही दूषणाचे शब्द घेतले, जोडले, आणि ‘नादखुळा’ ही शाबासकी करून टाकली. असा सूड भाषेत क्वचितच कोणी उगवला असेल.

पण शाबासकी वेगळी आणि प्रतिष्ठा वेगळी. बैलगाडा शर्यतींचं उदाहरण घ्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बंदी आली, २०२१च्या डिसेंबरात राज्यात अटींवर परवानगी मिळाली, २०२३मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. बैलांच्या हालांचा प्रश्न खरा आहे, तो आम्ही बाजूला सारत नाही. आमचं लक्ष आहे ते शर्यतीच्या बाजूनं काय बोलावं लागलं याकडे. परंपरा, संस्कृती, देशी गोवंश. ‘आम्हाला यात आनंद मिळतो’ एवढ्यावर भागत नव्हतं. तिकिटं जमवणाऱ्याला संस्कृतीची साक्ष काढावी लागत नाही.

‘फावला वेळ’ तर आम्हाला सगळ्यात बोलका वाटतो. ‘त्याचं चांगलंच फावलं’ आपण कधी म्हणतो? दुसऱ्याचं लक्ष नसताना कोणी डाव साधला की. म्हणजे आपला मोकळा वेळ हा मुळी साधलेला डाव! तो ज्यांना साधता येत नाही त्यांचं काय? गोधडी शिवणारी बाई घ्या. जुन्या लुगड्यांचे थर ऊब देतात, त्याला सरळ धावदोरा पुरतो. तरी ती कडेला त्रिकोणांची रांग लावते, मध्ये लाल चौकोन बसवते, पटला नाही तर उसवते, पुन्हा लावते. दुपारच्या दुपारी जातात. कोणी वाखाणली की म्हणते, ‘काही नाही, बसल्या बसल्या शिवली.’ त्या सगळ्या दुपारी एका ‘बसल्या बसल्या’त पुसून टाकते. घरात कामाचा हिशेब मांडला जातो तेव्हा ती बसलेली धरत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

जत्रेला हौशे, नवशे, गवशे येतात म्हणतात. हौशे हौसेनं, नवशे नवस फेडायला, गवशे काही गवसतंय का बघायला. हल्ली गवश्यांची चलती आहे. कोणी चांगलं चित्र काढलं, केक केला, की तिसऱ्या मिनिटाला विचारणा: ‘विकत का नाही?’ विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण राज्य नाट्य स्पर्धेच्या नावात ‘हौशी’ हा शब्द अजून बिनदिक्कत बसलेला आहे. दिवसभर नोकरी करून रात्री तालमीला जाणारे हे लोक, बरेचदा पदरमोड करून. त्यांचं नाटक पडलं तरी ते पुढच्या वर्षी पुन्हा येतात. हौशीला वाईट करण्याची मुभा असते. गवश्याला ती परवडत नाही.

‘शब्द बदलून काय होणार?’ हा प्रश्न इथं कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो: कबुतरं तशीही उडतीलच. पण त्या मुलानं वाचनावर जो निबंध लिहिला, तो खोटा होता, आणि त्याला दहापैकी आठ मिळाले होते.

आता तुमचे प्रश्न घेऊ.